नागपूरचा ताशा, राउरकेल्याचा स्टँड

हॉकी इंडिया लीगमध्ये नागपूरचा संघ नाही, आधीही नव्हता. महाराष्ट्राच्या नावाने ओळखावा असा एक संघ मुंबईचा होता. २०१३ला तो मुंबई मॅजिशियन्स होता, पुढे त्याच्या जागी दबंग मुंबई आला. २०१७च्या अंतिम सामन्यात कलिंगा लान्सर्सने त्याला ४-१ असं हरवलं आणि त्यानंतर लीगच सात वर्षं बंद राहिली. २८ डिसेंबर २०२४ला ती ओडिशातल्या राउरकेल्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा यादीत मुंबई नव्हती. मग नागपूरच्या हॉकीवेड्यांनी उभं कुणामागे राहायचं? आम्ही रेल्वेचा नकाशा बघून ठरवलं. मुंबई-हावडा लाइनवर नागपूरही आहे आणि राउरकेलाही. अंतर सुमारे सातशे किलोमीटर, रात्रीत पोहोचता येतं, गाडी बदलावी लागत नाही, स्लीपरचं भाडं पाचशेच्या आत. म्हणजे ज्यांनी मुंबईला हरवलं त्याच ओडिशाच्या संघामागे आम्ही उभे राहिलो. पुण्या-मुंबईचे मित्र यावरून टोमणे मारतात, ते मारू देत.

दुसऱ्या राज्यातल्या संघासाठी वीस-पंचवीस जणांचा जथा कसा न्यायचा, सोबत काय घ्यायचं आणि स्टँडमध्ये कसं वागायचं ते इथे आम्ही करतो त्याच पद्धतीने लिहिलं आहे. यातला बराच भाग कोणत्याही संघाला लागू पडेल.

पहिली गोष्ट मैदानाची. ही लीग घरचे-बाहेरचे सामने अशा पद्धतीने दर वर्षी खेळली जातेच असं नाही. २०२४-२५ला पुरुषांचे सामने राउरकेला आणि रांचीत झाले, २०२६ला चेन्नई, रांची आणि भुवनेश्वर ठरली. म्हणून मैदान कळल्याशिवाय कोणाकडूनही पैसे गोळा करायचे नाहीत. राउरकेला असेल तर सगळं सोपं. रांचीला नागपूरहून हटियाच्या (रांचीजवळचं स्टेशन) थेट गाड्या मोजक्याच वारी आहेत, तेव्हा राउरकेल्याला उतरून पुढे जाणं बहुतेक वेळा जमतं. चेन्नईला गाड्या भरपूर आहेत, पण आम्ही पुढे सांगतो ती ढोल-ताशाची गंमत तिथे कितपत चालेल ते तिथल्या लोकांना विचारूनच ठरवा.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होते. एका तिकिटावर सहाच जण, म्हणून २४ जणांची चार तिकिटं होतात. चौघांनी सकाळी आठच्या ठोक्याला आपापल्या लॉगिनवरून एकेक काढायचं. एकाच माणसाने चारही काढायला घेतली की पहिली दोन कन्फर्म, तिसरं आरएसी आणि चौथं वेटिंग, हे ठरलेलं. वेटिंगवाल्यांना स्लीपरच्या डब्यात बसू देत नाहीत, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. तेव्हा 'आपण अॅडजस्ट करून घेऊ' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. लीगचं वेळापत्रक उशिरा आलं तर तत्काळवर भिस्त ठेवावी लागते. त्यात एका तिकिटावर चारच जण, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, आणि खात्याला आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ निघतच नाही. हे जोडणं त्या सकाळी करायला बसलात तर गाडी गेलीच समजा.

गीतांजली संध्याकाळी नागपूर सोडते आणि पहाट व्हायच्या आत राउरकेल्याला पोहोचते. झोप अर्धीच होते, पण दिवस पूर्ण मिळतो. १३९वर स्टेशन येण्याआधी जागं करणारा अलर्ट लावता येतो. प्रत्येक कंपार्टमेंटमध्ये निदान एकाने तो लावायचा, कारण झारसुगुड्यानंतर सगळ्यात गाढ झोप लागते. बिलासपूर विभागात तिसऱ्या-चौथ्या लाइनची कामं निघाली की गाड्या रद्द होतात नाहीतर तासन्‌तास उशिरा धावतात. नागपूरकरांना हे सांगायला नको. म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळी पोहोचणारी गाडी घेऊ नये, आदल्या दिवशीची घ्यावी. परतीची गाडीही सामन्याच्याच रात्रीची नको. दुसरा सामना आठच्या पुढे सुरू होतो, बरोबरी होऊन शूटआउट झाला तर किती वाजतील याचा नेम नाही.

सामानाचं गणित वेगळं लावावं लागतं. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो मोफत आहे, वजनाची अडचण येत नाही, आकाराची येते. पथकातला मोठा ढोल बर्थखाली जात नाही आणि दारापाशी ठेवला की प्रत्येक स्टेशनवर कुणी ना कुणी त्याला लाथ मारतं. आम्ही लहान घेराचे दोन ढोल नेतो, तेही दोऱ्या सैल करून आणि जुन्या चादरीत गुंडाळून. ताशा एकच, गोणपाटाच्या पिशवीत, वरच्या बर्थवर उशाशी. काड्या वेगळ्या ठेवायच्या, किमान सहा जोड्या, कारण वेताची काडी थंडीत चिरते आणि भर सामन्यात ती मिळायची कुठून?

बॅनरवर जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसा आणि मेहनत वाया जाते.

फ्लेक्स नको. तो स्वस्त आणि झटपट होतो हे खरं, पण घडी घातली की रेघा पडतात, फ्लडलाइटखाली चकाकतो त्यामुळे समोरून अक्षरंच दिसत नाहीत, आणि तेवढ्याच आकाराच्या कापडापेक्षा दुपटीहून जास्त जड होतो. गांधीबागेत ५८ इंच पन्ह्याचं टेरीकॉट मिळतं, ते घ्यावं. निळा रंग टाळा. टर्फच निळं असतं, दुरून बॅनर त्यातच मिसळून जातो. संघाच्या जर्सीचा रंग घ्यायचा असेल तर त्या हंगामाची जर्सी जाहीर होईपर्यंत थांबा. तोवर गडद तपकिरी किंवा काळ्या कापडावर पिवळी अक्षरं कधी दगा देत नाहीत.

अक्षर किती मोठं हवं? साइनबोर्डवाल्यांचा ठोकताळा असा की दर दहा फूट अंतराला एक इंच उंची. हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. आपण लांबीच्या बाजूला बसलो तर समोरच्या स्टँडमधल्या माणसापर्यंत, मधल्या मोकळ्या जागेसकट, ऐंशी-नव्वद मीटर होतात. म्हणजे जवळजवळ ३०० फूट, आणि अक्षराचं अंग ३० इंच. आता देवनागरीची मेख. वर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार, यांना जागा लागते. वर आठ आणि खाली दहा इंच धरले की ४८ झाले. ५८च्या पन्ह्यात दोन्ही कडांना दीड-दीड इंच दुमड गेली तरी ५५ उरतात, म्हणजे एका पन्ह्यात काम भागतं, मधे जोड नको. जोड दिला की तो नेमका शिरोरेषेवर येतो आणि तिथेच कापड गोळा होतं.

आमचा मजकूर 'नागपूरचा जोहार' एवढाच. जोहार म्हणजे आदिवासींचा नमस्कार; गडचिरोलीकडेही तो आहे आणि राउरकेल्याच्या सुंदरगड जिल्ह्यातही, त्यामुळे तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आठ अक्षरं, काने धरून सरासरी २८ इंच रुंद, म्हणजे २२४. दोन शब्दांत २० इंच मोकळे, दोन्ही टोकांना फूट-फूट समास. एकूण २६८ इंच, म्हणजे पावणेसात मीटरच्या जरा वर. दुमडी आणि कापताना होणारी तिरपी चूक धरून साडेसात मीटर कापड घ्यायचं. अक्षराच्या रेघेची जाडी पाच इंच. यापेक्षा बारीक केली तर दुरून अक्षर तुटक दिसतं, जाडी सात इंचांवर गेली तर 'प'चं पोट बुजतं.

शिरोरेषेसाठी सुताराची दोरी वापरा, नीळ लावलेली. गडद कापडावर नीळ दिसत नाही, तेव्हा खडूची पूड. दोघांनी दोन टोकं धरायची, तिसऱ्याने मधे चिमटीत उचलून सोडायची. एक रेघ खालची, एक वरची, मधे चार इंच. मग कागदावर काढलेली अक्षरं चौकटी पाडून मोठी करायची: कागदावरची एक सेंटिमीटरची चौकट कापडावर दहा इंचांची धरली की तीन चौकटींत अक्षराचं अंग बसतं. हात चांगला असलेला एक जण पूर्ण मजकूर आखतो, बाकीचे फक्त भरतात. दोन हातांनी आखलेला बॅनर लगेच ओळखू येतो. अर्धा इकडे झुकलेला, अर्धा तिकडे.

कापडाचा रंग एक लिटर पुरतो, दोन हात देऊन. पाणी दहा टक्क्यांवर घालायचं नाही, नाहीतर रंग विणीतून फुटतो आणि कडा केसाळ होतात. खाली वर्तमानपत्र अंथरलं की ते चिकटतं आणि 'र'च्या पाठीवर बातम्या उमटतात. त्याऐवजी निवडणुकीतला जुना फ्लेक्स उलटा करून टाकावा, आपल्याकडे तो कधी कमी पडत नाही. रंग ओला असतानाच कापड एकदा उचलून पुन्हा ठेवायचं. डिसेंबरच्या उन्हात दिवसभरात वाळतं. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने इस्त्री फिरवली की रंग पक्का बसतो. वरच्या कडेला दर दोन फुटांवर आयलेट मारून त्यात सुती नाडी. तार नको, काठी नको, पाइप नको. गेटवर या तिन्ही गोष्टी अडवतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

स्टेडियममध्ये बॅनर बांधताना दोन ठिकाणं टाळा. मैदानाच्या कडेच्या जाहिरातींच्या पाट्या झाकल्या की स्वयंसेवक दोन मिनिटांत येऊन सोडवतात. आणि जिन्याच्या, बाहेर जायच्या वाटेवरच्या कठड्याला बांधला तर पोलिस सोडवतात. मधल्या स्टँडचा कठडा मिळाला तर उत्तम, पण तिथे आधीपासून कुणाचं कापड असेल तर विचारून शेजारी बांधायचं, वरून नाही.

राउरकेल्याचं बिरसा मुंडा स्टेडियम जानेवारी २०२३मध्ये विश्वचषकासाठी उघडलं. वीस हजारांवर माणूस बसतो, आणि नुसत्या हॉकीच्या सामन्याला ते भरतं. हे क्रिकेटवाल्या नागपूरकराला जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमची सवय असल्यामुळे पटकन पचत नाही. सुंदरगड जिल्हा म्हणजे हॉकीचं माहेर. भारताकडून खेळलेले दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास, दोघंही सौनामारा या एकाच गावचे. गावोगावी बक्षीस म्हणून बोकड लावून सामने होतात, जिंकणारा संघ तो घेऊन जातो. अशा लोकांच्या शेजारी बसून तुम्ही भलत्या वेळी ढोल बडवलात तर ते काही बोलत नाहीत, फक्त वळून बघतात. ते बघणं पुरेसं असतं.

म्हणून वाजवायचं कधी हे आधी शिकावं लागतं. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या भागात दोन मिनिटांची सुट्टी असते, मधे मोठं मध्यंतर. नव्या पोट्ट्यांना वाटतं की सुट्टीत वाजवावं. तेव्हा स्टेडियमचा डीजे चालू होतो आणि त्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे दोन ढोल म्हणजे डबा. सुट्टीत हात झटकायचे, पाणी प्यायचं, ढोलाची दोरी आवळायची. वाजवणं खेळ चालू असताना.

खेळ मधल्या पट्ट्यात फिरत असेल तर साधा चालीचा ठेका, ढोल फक्त, हळू. आपला संघ २३ मीटरची रेघ ओलांडून आत गेला की ताशा मिसळतो. गोलापुढच्या वर्तुळात शिरला की ताशाची तर्री (अखंड झडणारे फटके) आणि ढोल दुप्पट लयीत. चेंडू गेला की एकदम थांबायचं, फरफटत नाही. हे सगळं बघून ठरवणारा माणूस एकच हवा आणि तो वाजवणारा नको. आमच्याकडे तो बॅनरच्या वर, लोकांकडे तोंड करून उभा राहतो. मग त्याला खेळ दिसत नाही, म्हणून त्याच्यासमोर खाली बसलेला दुसरा हाताने खुणा करतो: मूठ म्हणजे थांब, पंजा म्हणजे चालू, दोन बोटं म्हणजे दुप्पट. मागे पाठ करून उभा राहणाऱ्याचं काम कुणालाच नको असतं, त्यामुळे प्रत्येक भागाला माणूस बदलायचा.

सगळी कसोटी पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या गोलाच्या संधीला, लागते. अंपायरने दोन्ही हात गोलाकडे आडवे केले की घड्याळ थांबतं आणि तयारीला चाळीस सेकंद मिळतात. बचाव करणारे गोलकीपर धरून पाचच. ते धावत जाऊन मास्क, हातमोजे, गुडघ्याचे पॅड चढवतात. हल्ला करणारे वर्तुळाच्या कडेवर जमतात, एक जण मागच्या रेषेवर गोलाच्या खांबापासून दहा मीटरच्या खुणेवर चेंडू ढकलायला उभा राहतो. आता आपल्या संघाचा कॉर्नर असेल तर पहिली वीस-पंचवीस सेकंद जोरात वाजवा, खुशाल. त्यानंतर बंद. कारण शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत कोणती चाल करायची ते हल्लेखोर एकमेकांना तोंडानेच सांगत असतात. चेंडू ढकलणाऱ्याला शेवटची हाक ऐकू आली नाही तर तो उजव्या थांबवणाऱ्याकडे ढकलतो आणि फ्लिक मारणारा डावीकडे उभा असतो. चाळीस सेकंदांची मेहनत आणि गोलही गेला, तोही आपल्याच ढोलामुळे. विरुद्ध संघाचा कॉर्नर असेल तर शेवटपर्यंत तर्री चालू ठेवायची, त्यात गैर काही नाही. मात्र शिट्टी कोणत्याही परिस्थितीत नाही. स्टँडमधल्या शिट्टीने खेळाडू थबकला तर अंपायरला खेळ थांबवावा लागतो आणि मग पुढचा सामनाभर तुमच्या ब्लॉकमध्ये दोन पोलिस बसतात. वुवुझेला, हवेचा भोंगा हेही त्याच कारणासाठी नको.

कॉर्नर अडवला गेला की आमची एक आरोळी आहे: 'कॉर्नर घेऊन जा गे मारबत!' पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीतली ही हाक, इडापिडेच्या जागी कॉर्नर टाकला एवढंच. शेजारच्यांना आधी मारबत म्हणजे काय ते सांगावं लागतं. गावची रोगराई, संकटं पुतळ्यावर घालून शिवेबाहेर नेऊन जाळतात, असं म्हटलं की लगेच समजतं, कारण अशी काही ना काही रीत त्यांच्याकडेही असतेच. दुसऱ्या भागापर्यंत सगळा ब्लॉक 'मारबत' एवढा शब्द बरोबर वेळेवर ओरडतो. बाकी लांबलचक मराठी घोषणा तिथे चालत नाहीत. लोक ओडिया, सादरी, हिंदी बोलणारे. दोन ठोक्यांत बसेल तेच ठेवा: एक बाजू 'कलिंगा', दुसरी 'लान्सर्स'. इतकं पुरतं.

त्यांच्याकडे मांदर असतो. मातीचं खोड, दोन्ही बाजूंना चामडं, आवाज खोल आणि मऊ. आपला ताशा चिरका, तो मांदरला एका फटक्यात खाऊन टाकतो. एकत्र वाजवायचं असेल तर ताशाने फक्त सम दाखवायची, तर्री सोडून द्यायची, आणि ढोलाची थापी (हाताचा ठोका) बंद करून नुसतं टिपरू (काठी) चालवायचं. लय त्यांची घ्यायची. ती आपल्या पथकाच्या ठेक्यापेक्षा झुलती असते, हात दहा मिनिटं चुकतो, मग बसतो. जानेवारीत रात्री दव पडतं. तेव्हा चामड्याचा मांदर उतरतो आणि लोक तो शेकायला बाहेर नेतात. आपल्या ढोलाची पानं फायबरची, त्यांना दवाने काही होत नाही. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं ब्लॉकचा सगळा आवाज आपल्यावर येतो आणि त्यासाठी ताज्या दमाचे हात राखून ठेवायचे असतात. सुरुवातीलाच सगळे दमले की नेमकी तिथे शांतता पसरते.

शूटआउटचं थोडं वेगळं. पाच खेळाडू, प्रत्येकाला २३ मीटरच्या रेघेपासून आठ सेकंद. विरुद्ध खेळाडू धावताना लोक एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजतात. ते करू नका. स्टँडची मोजणी नेहमी पुढे किंवा मागे पडते, आणि गोलकीपर भोंगा वाजायच्या आधीच सैल पडू शकतो. विदर्भाच्या माणसाला गोलकीपरची कदर असायलाच हवी. भुवनेश्वरला २०१७च्या हॉकी वर्ल्ड लीग फायनलमध्ये बेल्जियमविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात शूटआउट जिंकला तेव्हा गोलात यवतमाळचा आकाश चिकटे होता. आपला खेळाडू धावताना पूर्ण शांत राहायचं, समोरचा धावताना नुसता ताशा. वर्ल्डकप असो की लीग, हेच.

कार्डांची ओळख नव्यांना करून द्यावी. हिरवं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच, लाल म्हणजे घरी. विरुद्ध खेळाडूला कार्ड मिळालं म्हणून त्याच्या नावाने शिव्या घातल्या की आपला ब्लॉक बदनाम होतो. आजूबाजूला बायका-पोरं, शाळेच्या गणवेशातल्या मुली बसलेल्या असतात. आमच्यात एक नियम आहे: शिवी दिली की पुढच्या भागात पाणी आणायला तो जातो. काम करून राहिला आहे हा नियम.

गेटवर पाण्याची बाटली, नाणी, पॉवर बँक, लायटर, फळं यातलं काहीही अडू शकतं. संत्री तर अडतातच, फेकता येणारी वस्तू ना ती. जानेवारीत आंबिया बहाराचा शेवट असतो आणि प्रत्येकाला वाटतं की दोन डझन न्यावीत. न्या, पण स्टेडियमच्या बाहेर, रांगेत उभं असतानाच वाटून टाका. ओळखी तिथेच होतात. रांगेत दिलेल्या संत्र्यावर आत जागा राखून मिळते हे नक्की. वाद्यांसाठी मात्र आयोजकांची परवानगी आधी लेखी मागायची, वाद्यांची संख्या, आकार आणि जबाबदार माणसाचा नंबर लिहून, सामन्याच्या निदान आठवडाभर आधी. परवानगीचा कागद छापून दोन प्रती ठेवा. मोबाइलवर दाखवलेला मेसेज गेटवरच्या शिपायाला पटत नाही. २०२४-२५ला प्रवेश मोफत होता, तरी पास आधी काढावा लागत होता. फुकट आहे म्हणून तसंच जाणारे गेटवरच राहतात.

कपड्यांचं एका ओळीत: राउरकेल्याची जानेवारीची रात्र नागपूरपेक्षा गार आणि ओली, स्वेटर जर्सीच्या आत घाला, वर नको.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी नागपुरातही बसायची सोय करायला हवी, नाहीतर जथा म्हणजे सुट्टी मिळणाऱ्यांचा क्लब होतो. सोसायटीचा हॉल, एक प्रोजेक्टर, दूरदर्शनची फ्री डिश. ऑनलाइन प्रक्षेपण वापरू नका. ते टीव्हीच्या मागे अर्धा-एक मिनिट चालतं, आणि कोपऱ्यातल्या कुणाला तरी भावाचा फोन येतो, 'गोल झाला ना बे!' तो पाहायच्या आधीच. सगळ्यांनी एकच प्रक्षेपण पाहायचं, फोन खिशात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. चौथा भाग त्याच सुमाराला येतो, म्हणून आवाज टीव्हीच्या स्पीकरवरच ठेवावा. प्रोजेक्टर निदान तीन हजार लुमेनचा हवा. त्यापेक्षा मंद असला तर निळ्या टर्फवर चेंडूच सापडत नाही.

वर्गणी दोन भागांत घ्यायची: प्रवासाची ज्याची त्याने, बॅनर-वाद्यांची सगळ्यांनी सारखी, न येणाऱ्यांनीही. हिशेब परत आल्यावर आठवडाभरात ग्रुपवर टाकायचा, बिलांच्या फोटोसकट. यात उशीर झाला की पुढच्या वर्षी निम्मे जण गळतात, खेळ कसाही झालेला असो.

परत आल्यावर बॅनर सरळ कपाटात जात नाही. दवाने तो किंचित ओला असतो, घडी घालून ठेवला तर महिनाभरात काळे ठिपके पडतात. सावलीत दोन दिवस टांगायचा, धुवायचा नाही, ब्रशने झटकायचा. मग घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायचा, अक्षरं आतल्या बाजूला. ढोलाच्या दोऱ्या पूर्ण सैल करायच्या, ताणलेल्या राहिल्या तर कडं वाकतं आणि पुढच्या वेळी पान सारखं बसत नाही. ताशाचं भांडं तांब्याचं असेल तर चिंचेने घासून, कोरडं पुसून, उलटं ठेवायचं. आणि काड्या मोजायच्या, सहा जोड्या नेल्या असतील तर दोन नक्कीच राउरकेल्याला राहिलेल्या असतात, बहुधा मांदरवाल्यांकडे. त्या मागायच्या नाहीत.